कोरडं फडकं

शर्यतीला पाऊण तास होता. नात प्रणालीच्या बीएमएक्स सायकलजवळ बसून मी पेडल हाताने फिरवत नेहमीप्रमाणे, न बघताच, तेल सोडलं. मग सीटवर चिकटवलेली तिची चिठ्ठी दिसली: "आबा, चेन काढून बेल्ट बसवलाय. तेल लावायचं नाही."

वाचायला मी साठीत शिकलो. हात मात्र त्याआधी चाळीस वर्षं चेनीला तेल देत आले होते, ते चिठ्ठीसाठी थांबले नाहीत. रबरी बेल्ट तेलकट झाला की चाकाचे दात सोडून घसरतो, एवढं मला कळत होतं. आणि या शर्यतीतून जिल्ह्याच्या संघात एकच मुलगी जाणार होती.

प्रणाली आली तेव्हा मी सांगून टाकलं. तिने बेल्टला बोट लावून पाहिलं.

"चिठ्ठी मोठ्या अक्षरांत लिहिली होती, आबा."

"वाचली ना. तेल लावून झाल्यावर."

तिला हसू आलं. "आता पाना घ्या."

बेल्ट काढून आम्ही साबणाच्या पाण्याने धुतला, माझ्या टॉवेलने पुसला, दातेरी चाकं घासली. शिट्टी होण्याआधी मी शेवटचा नट आवळला. शर्यतभर बेल्टने दात सोडला नाही. ती पहिली आली.

आता प्रत्येक शर्यतीआधी ती माझ्या हातात कोरडं फडकं देते. बेल्ट स्वच्छच असतो, हे दोघांनाही माहीत असतं. तरी मी पुसतो, आणि माझं होईपर्यंत ती हेल्मेट घालून थांबते.