ओळखीचं नेट

टिंग! दुपारच्या शांत घरात टॅब वाजला आणि लेक झोपेतून उठून थेट दाराकडे धावली.

धाकटे भावजी नेटचा नवा डबा लावत होते. तासभर त्यांनी मला समजावलं होतं, "वहिनी, डोंगल कुठंही नेता येतं, पण तुमचं ऑफिस आणि हिची कार्टून्स एकदम नाही ओढायचं ते. फाइव्ह-जी घ्या, खिडकीत ठेवा, विसरून जा." मग विचारलं, "नाव काय देऊ ह्याला?"

"ह्यांच्या हॉटस्पॉटचंच द्या. पासवर्डही तोच, म्हणजे टॅब आपोआप जोडला जाईल." सोय, एवढंच होतं माझ्या डोक्यात.

हे संध्याकाळी जिना चढू लागले की त्यांच्या फोनचं नेट टॅबला लागायचं, टॅब वाजायचा आणि ही दार उघडून उभी राहायची, बाबांच्या हातातली पिशवी घ्यायला. मार्चमध्ये हे अपघातात गेले. तेव्हापासून तो वाजला नव्हता.

भावजींचा हात डब्यावरच राहिला.

लेकीनं दार उघडलं, रिकाम्या जिन्यात वाकून पाहिलं आणि वळून मला विचारलं,

"आई, बाबा खालीच का थांबलेत?"