मागची बैठक

राजवाड्याच्या मैदानात घोडागाड्यांची स्पर्धा रंगात आली होती. लाल शंकूंना चाक लागू न देता गाडी हाकायची, दगडी कमानीतून पलीकडं जायचं आणि वळसा घालून परत यायचं. कृष्णातआबांच्या जुन्या टांग्यावर त्यांची लेक क्रांती एकटीच बसली होती.

कमानीत शिरताना टांगा सरळ होता. बाहेर आला तो उलाळ होऊन, पुढच्या दांड्या वर आणि मागची बैठक खाली दबलेली. मागं माणूस बसलं की टांगा असा होतो. मैदानाच्या कडेला उभ्या, चाळीस वर्षं टांगा हाकलेल्या आबांना हे कुणी सांगायला नको होतं.

मागची बैठक रिकामी होती.

"आबा, कमानीपास्नं गाडी मागनं जड लागतीया बघा," म्हणत क्रांती खाली उतरली. दांड्या आणखी वर गेल्या.

आबांची बायको बयाबाई होती तेव्हा बाजार उरकून रोज मागं बसून घरी यायची. म्हणायची, "तुमी पुढं बसलासा की कसा बरोब्बर तोल येतोय बगा." ती गेल्यापासून आबांनी टांग्याच्या पायरीवर पाय ठेवला नव्हता.

आज ठेवला. ते पुढं बसले, तशा दांड्या हळूच खाली आल्या आणि अगदी सपाट राहिल्या.

लगाम खाली उभ्या क्रांतीच्याच हातात होता, तरी घोडी आपणहून कमानीकडं वळली.

"आबा, उतरा की!"

आबांनी मागं वळून न बघताच विचारलं, "नीट बसलीस न्हवं?"