पोटातनं आणलेलं दुखणं

"लहानपणी याला फेफरं यायचं?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

"न्हाई," रंगुबाई म्हणाली. "कवाच न्हाई."

मुलाला, मानसिंगला घेऊन ती पलूसहून साताऱ्याच्या कचेरीत आली होती. एकाहत्तरच्या लढाईत तोफगोळा पडून खंदक ढासळला. मानसिंगला मातीतून जिवंत काढलं, त्याचा सोबती गुंडा आतच राहिला. तेव्हापासून मानसिंगला झटके येऊ लागले. फौजेनं घरी पाठवलं आणि अपंगत्वाची पेन्शन नाकारली. दुखणं लढाईचं नाही, जन्माचंच आहे, म्हणे. त्यानं दाद मागितली होती. आज चौकशी होती.

"माहेरी कुणाला होतं? सासरी?"

"कुणालाच न्हाई, सायेब."

डॉक्टरांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनानं लिहिलेला जबाब पुढे सरकवला. "बाई, अंगठा करा."

मानसिंगनं वाकून जबाब वाचला आणि आईचं मनगट धरलं.

"काय लिवलंय रं?"

"मला लहानपणापास्नं फेफरं हाय म्हून."

रंगुबाई ताडकन उठली. "भरतीला उघडा उभा केला व्हता ह्येला! दातं बघितली, छाती फुगवून बघितली. बाजारात बैल घ्यावा तसा पारखून घेतला. तवा चांगला व्हता. आन् आता मोडल्यावर आईनंच तसला जलमाला घातला व्हय?"

"आवाज खाली, बाई. अंगठा नसेल तर प्रकरण बंद होईल."

"व्हऊ द्या बंद! माज्या तोंडात तुमचं खोटं घालू नगा."

"आई, बस खाली..." मानसिंग म्हणाला, आणि पुढचे शब्द फुटेनात. बाकावरून तो कोसळला. दातखीळ बसली, टाचा फरशीवर आपटू लागल्या. कारकुनानं घाईनं टेबलावरचे कागद उचलून छातीशी धरले. रंगुबाईनं मुलाला कुशीवर वळवलं, त्याच्या डोक्याखाली हात घातला.

डॉक्टर खुर्चीतून न उठता वाकून पाहत होते. "लहानपणी असेच यायचे ना?"

तिनं पदरानं मुलाच्या तोंडाचा फेस पुसला.

बऱ्याच वेळानं मानसिंगनं डोळे उघडले. त्यानं कारकुनाच्या पायजम्याची कड मुठीत पकडली.

"गुंडा कुठं हाय? त्येला काढला का मातीतनं? आरं, वरडतोय त्यो आत!"

कारकून पाय सोडवू लागला.

रंगुबाईनं मान वर केली.

"लिवा, सायेब," ती डॉक्टरांना म्हणाली. "ह्येबी लहानपणचंच हाय म्हून लिवा."