एकच फोल्डर

हार्ड डिस्कची टकटक नृसिंह सरांनी महिनाभर कॉम्प्युटरच्या पंख्याची समजून त्याला खोबरेल पाजलं. शेवटी भिंगार गावातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जुन्या विद्यार्थिनीनं, मनवानं, डिस्कला कान लावला. “सर, ही शेवटच्या घटका मोजतेय. कॉपी आहे?” “आहे की! आत्मचरित्र आणि इंदूनं गायलेल्या ओव्या, दोन्ही सी ड्राइव्हवरही आणि डीवरही.” “सी काय, डी काय, डिस्क एकच. भावांनी मधे भिंत घातली म्हणून घरं दोन होतात का? एकच फोल्डर निघेल. कुठलं काढू?” बायको इंदू जाऊन दोन वर्षं झाली होती, तिचा आवाज तेवढा त्या ओव्यांत उरला होता. सरांनी घसा खाकरला. “ओव्या काय, तोंडपाठ आहेत मला.” आत्मचरित्र निघालं आणि डिस्क गप्प झाली. मनवानं पहिलं पान उघडलं. ‘जिचा आवाज जिवापाड जपला, त्या इंदूस.’ “तिचं नाव ठळक कर,” सर म्हणाले.