लाल दोरा, पांढरा दोरा

"ही रंग आणणारी का उडवणारी?" रामरावांनी तिसऱ्यांदा विचारलं.

गोपीकिशननं दोन्ही ट्यूबा पुन्हा काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या. मंठ्याच्या बाजारपेठेत त्याचं वडिलांपासूनचं मेडिकल होतं, आणि बाजाराच्या दिवशी एका गिऱ्हाइकाला अर्धा तास देणं म्हणजे बाकीच्यांच्या शिव्या खाणं. पण रामराव पडले जुने गिऱ्हाईक.

"रामरावजी, डबीवरची गोरी बाई बघू नका. मोठं नाव बी बघू नका. इथं खाली बारीक अक्षरात लिव्हेलं हाय ना, तेवढंच औषध. बाकी सगळा तमाशा."

रामरावांनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला. इंग्रजी त्यांना चष्मा लावूनही येत नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

घरात दुखणी दोन. बायकोला, गोजरबाईला, दोन वर्षांपासून हातांवर कोड फुटलं होतं. मनगटापर्यंत पांढरे चट्टे. आणि मुलगी नंदाच्या गालावर मुरुमं जाऊन काळे डाग राहिले होते. दिवाळी नुकतीच झाली होती आणि नंदाचं लग्न चैत्रातलं होतं.

"ही गोजरबाईची. कातडीला रंग आणती. लावायची आन कोवळ्या उन्हात बसायचं. ही दुसरी नंदाची. हिच्यानं रंग उतरतो, काळा डाग जातो. मुगाएवढी, फक्त डागावर, झोपताना. अदलाबदल झाली का बरबादी!"

"बरबादी म्हंजी?"

"चांगल्या कातडीवर जास्त लावली तर पांढरे चट्टे पडतेत. बिलकुल कोडासारखे. मंग रंग परत येतो का न्हाई, भगवान जाने."

"जास्त म्हंजी किती?"

"रोज तीन-चार येळा, जाड थर. महिनोन्‌महिने."

हे मात्र रामरावांनी एकदाच विचारलं. गोपीकिशनला हायसं वाटलं, चला, काहीतरी डोक्यात शिरलं. तरी त्यानं पुड्या बांधायच्या दोन रिळांचा दोरा काढला, रंग आणणाऱ्या ट्यूबला लाल बांधला, उडवणारीला पांढरा.

"लग्नाची तयारी बराबर?"

"बाकी बराबर. नंदाची माय कन्यादानाला बसत न्हाई म्हणती. म्हणती, लोकं तुमचे हात बघतील आन त्येच्या शेजारी माझे बघतील. धर्मराजला अन् तुळजाबाईला बसवा."

धर्मराज म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, तुळजाबाई त्याची बायको. एकुलत्या एका पोरीचं लग्न आणि आईनं दाराआड उभं राहायचं. गोपीकिशनला फार वाईट वाटलं. लाल दोऱ्याच्या ट्यूबनं सहा महिन्यांत हात भरून येतील, असं त्याला म्हणायचं होतं, पण तसं होत नाही हे त्याला माहीत होतं.

पंधरा दिवसांनी रामराव हजर. "पांढऱ्या दोऱ्याची द्या."

"संपली? मुगाएवढी लावून?"

"संपली."

"आन लाल?"

"ती हाय आजून."

थंडीचे दिवस होते, रामरावांनी अंगभर चादर घेतली होती. ते पुढे पंधरा दिवसांनी आले, मग पुन्हा आले. दर वेळी पांढरा दोरा. गोपीकिशनचं डोकं चालेना. पोर चेहऱ्याला लिंपून राह्यली का काय? का म्हाताऱ्यानं दोरेच उलटे लक्षात ठेवले आणि उडवणारी गोजरबाईच्या हातावर चालली? सहाव्या खेपेला त्यानं ट्यूब मागे ओढली.

"आधी नंदाला दाखवायला आणा. घरात लावतंय कोण ते तरी सांगा."

"घरचंच माणूस लावतंय," म्हणत रामराव रिकाम्या हातांनी गेले. पण चारच दिवसांनी दुसऱ्या मेडिकलची पुडी त्यांच्या पिशवीतून डोकावताना गोपीकिशनला दिसली. पोरीच्या तोंडावर पांढरे चट्टे पडले तर लग्न मोडेल, आणि दोरे तर आपल्याच हातचे.

फाल्गुनात रामराव पत्रिका घेऊन आले. उन्हाचा चटका वाढला होता, तरी दोन्ही हातांवरून उपरणं होतं. त्याच्या आडूनच त्यांनी पत्रिका पुढे केली.

"ट्यूब?" गोपीकिशननं भीत भीत विचारलं.

"आता लागत न्हाई. काम झालं."

"आन गोजरबाई?"

"महिनाभर बोलली न्हाई माझ्याशी. आता बसते म्हणती कन्यादानाला."

"कशी मानली?"

"लग्नाला या ना, शेठ," रामराव पहिल्यांदाच हसले.

लग्नाच्या दिवशी गोपीकिशन दुकान बंद ठेवून जीपनं गेला. मांडवात शिरल्या शिरल्या त्यानं नंदाचा चेहरा बघितला. डाग पुसट झाले होते, चट्टा एकही नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्यानं गोजरबाईला शोधलं. ती दारात उभी होती आणि पदर सावरताना दिसलेल्या हातांवरचे चट्टे होते तेवढेच होते. म्हणजे तिनंही पांढऱ्या दोऱ्याची लावली नव्हती. मग एवढ्या ट्यूबा गेल्या कुठं?

भटजींनी मुलीच्या आईवडिलांना हाक मारली. धर्मराज जागचा हलला नाही. गोजरबाई सगळ्यांच्या देखत पुढे आली, नवऱ्याच्या शेजारी पाटावर बसली आणि पदराखालचे हात बाहेर काढून तिनं पाण्याचा तांब्या उचलला.

रामरावांनी उपरणं बाजूला ठेवून ओंजळ पुढे केली, आणि पाण्याच्या धारेवर जे चार हात एकत्र आले, त्या चारही हातांवर मनगटापर्यंत सारखेच पांढरे चट्टे होते.