मोहिनीची फेरी

धुळ्याच्या त्या कॉलेजात मोहिनी सुरक्षाप्रमुख झाली आणि वर्षभरात तिने पहाऱ्याची जुनी रजिस्टरं मोडीत काढली. आता फेरी मारणाऱ्याच्या छातीवरचा कॅमेरा सगळं टिपायचा आणि नोंद थेट पोलीस ठाण्यात पोहोचायची. एकदा गेलेली नोंद ब्रह्मदेवाच्या बापालाही पुसता यायची नाही.

आज तपासणीला आलेल्या साहेबांपुढे तिने मोठ्या तोऱ्यात सकाळची स्वतःची फेरी पडद्यावर लावली. आई बेबाबाई खास त्यासाठी गावाहून आली होती.

पडद्यावर वसतिगृहाचा जिना दिसला. गणवेशातली मोहिनी ताठ मानेने वर येत होती.

"दखा, दखा! ती मनी पोर शे!" बेबाबाई शेजारच्या बाईला आपली लेक दाखवत अहिराणीत म्हणाली. टाळ्या वाजल्या. साहेबही खूश झाले.

मोहिनीचा हात नकळत छातीवरच्या कॅमेऱ्याकडे गेला. सकाळी तो तिथेच होता, आणि फेरीला ती एकटीच गेली होती. मग समोरून तिला टिपलं कोणी?

पडद्यावरच्या मोहिनीच्या छातीवर कॅमेरा नव्हता. ती थांबली, समोर बघून तिने कडक सलाम ठोकला.

कॅमेऱ्यामागून मोहिनीच्याच आवाजात, पण तिने सकाळी न उच्चारलेलं उत्तर आलं, "शाब्बास, पोरी. आता इथून पुढं मी बघते."