कोल्लेनच्या माथ्यावरची वही

दुसरं फाटक ओलांडलं आणि गुनवोरचा उजवा गुडघा ठणकायला लागला. अजून जंगलाला नीट सुरुवातही झाली नव्हती. तिने काठीवर भार टाकला, जरा थांबली आणि पुन्हा चालू लागली.

खरं तर हे काम कालच उरकायचं होतं. दर वर्षी फेब्रुवारीतल्या पहिल्या शनिवारी ती कोल्लेन डोंगराच्या माथ्यावर जायची. पण काल दिवसभर वादळ होतं. आज रविवार, आणि रविवारी शेजारचा ओडवार वर जातो. माथ्यावर लोखंडी पेटीत एक वही असते. चढून आलेला प्रत्येक जण तीत नाव लिहितो. वहीची देखभाल ओडवारकडे. तो डोंगरापलीकडच्या वाटेने स्कीवरून चढतो. त्याच्या आधी पोचायला हवं होतं.

निघताना बाबांनी हटकलं होतंच. शहाऐंशीचे झाले, तरी कान शाबूत.

"आज नको जाऊस. गुडघा केवढा सुजलाय."

"थोडं फिरून येते."

"ओडवार जाणार आहे ना वर. कोण कोण येऊन गेलं ते सांगेल की तो."

म्हणूनच तर जायचं होतं. ती काठी उचलून बाहेर पडली.

भावाचं आणि बाबांचं भांडण एकोणीस वर्षांपूर्वीचं. आस्लाकने घरचं जंगल विकायचा हट्ट धरला, बाबांनी त्याला पुन्हा या घरात पाऊल ठेवू नकोस म्हणून सांगितलं, आणि त्याने ते अक्षरशः पाळलं. बोटीवर नोकरी धरली. गुनवोरला वर्षा-दोन वर्षांनी एखादं पत्र यायचं. सहा वर्षांपूर्वी ती काम करते त्या वाचनालयाच्या पत्त्यावर बोटीच्या कंपनीचं पत्र आलं. आस्लाक चिलीतल्या एका बंदरात हृदयविकाराने गेला होता. पुरलंही तिथेच.

त्याच महिन्यात डॉक्टर म्हणाले होते की बाबांचं हृदय नाजूक झालंय, जपा. तिने पत्र चुलीत घातलं.

त्या हिवाळ्यात ती एकटीच कोल्लेनवर गेली. आस्लाकचा हा लाडका डोंगर. त्याची कबर परमुलखात, रडायला जागा नाही. म्हणून तिने वहीत त्याचं नाव लिहिलं. तेवढंच. दुसऱ्या दिवशी ओडवार नेहमीसारखा कॉफीला आला आणि वहीतली नावं सांगू लागला, तेव्हा तिला आपली चूक कळली. आस्लाकचं नाव ऐकताच तिच्या हातातली बशी निसटली. बाबांनी बशीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ऐकलंस? आला होता," ते म्हणाले. "डोंगरावर आला, पण उंबरा काही ओलांडला नाही. शब्दाचा पक्का."

त्या संध्याकाळी त्यांनी मटणाचं सूप दोनदा मागून घेतलं. मग पुढच्या वर्षी न लिहून कसं चालणार?

जंगलात बर्फ मांडीपर्यंत होतं. पाय उपसायचा, टाकायचा, पुन्हा उपसायचा. स्प्रूसच्या फांद्या ओझ्याने वाकल्या होत्या. मधूनच एखादी हलकी होऊन झटक्यात वर जायची आणि सगळं बर्फ हिच्या मानेत. अर्ध्या वाटेवर ती एका आडव्या खोडावर बसली. पावाचा तुकडा आणि चीज खाल्लं. चीज गारठून दगड झालं होतं. उठावंसंच वाटेना. सत्तावन्न वर्षांची बाई, आणि मेलेल्या भावाची खोटी हजेरी लावायला डोंगर चढतेय. सांगावं बाबांना, यंदा नाही आला म्हणून. संपेल एकदाचं.

पण मग ते दिवसभर खिडकीशी बसून राहतील. ती उठली.

झाडं खुजी झाली, मग संपली. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माथ्याच्या शेवटच्या चढावर तिला स्कीच्या दोन ताज्या रेघा दिसल्या. ओडवार येऊन गेला होता. उशीर झाला होता.

तरीही ती पेटीपर्यंत गेली. बोटं वाकत नव्हती, दातांनी हातमोजा ओढला, वही उघडली. आजची तारीख. खाली आस्लाकचं नाव.

तिने लिहिलेलं नव्हतं.

क्षणभर तिला वाटलं, पत्रच खोटं होतं. ती चक्क मागे वळून पाहू लागली. मग तिने अक्षर नीट पाहिलं. गोल, मोठं, शाळकरी. गावच्या दुकानाबाहेरच्या फळ्यावरच्या सूचना याच अक्षरात असतात. ओडवार.

उतरताना ती दोनदा पडली. जंगलाच्या कडेला ओडवार रचलेल्या लाकडांवर बसला होता. वरून तू चढताना दिसलीस, म्हणून वळसा घालून या बाजूला आलो, म्हणाला. त्याने कॉफी ओतून तिच्या हातात दिली.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?" तिने विचारलं.

"पहिल्या वर्षापासून. तुझं अक्षर ओळखतो की मी."

"बाबांना सांगू नका. आस्लाक नाही हे कळलं तर ते जगायचे नाहीत."

ओडवारने स्कीवरचं बर्फ झटकलं.

"आस्लाक गेल्याचं त्यांना तुझ्याआधी कळलंय, गुनवोर. बोटीवरच्या कुणीतरी घरी फोन केला होता. तुला कळू द्यायचं नाही, अशी मला शपथ घातली होती. वहीतलं ते पहिलं नाव मीच लिहिलं, असं त्यांना वाटलं. त्याचं नाव ऐकून तुझ्या हातातली बशी पडली, तेव्हापासून दर फेब्रुवारीत ते मला म्हणतात, वर जाऊन आस्लाकचं नाव लिहून ये, पोरीला तेवढाच आधार. मी आपला जातो, आणि दर वेळी तू आधीच लिहून गेलेली असतेस."